प्रतिस्पर्ध्याशी सौदा करावा काय?

नगर शहराच्या पश्चिमेला सुमारे सतरा किलोमीटरवर हिवरे बाजार हे गाव आहे. १९८९ साली पोपटराव पवार तेथे सरपंच झाले आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्या दुष्काळी गावाचा जो कायापालट झाला, त्याची हकीकत आता सर्वांना ठाऊक आहे. ती येथे पुन्हा सांगण्याचा आमचा विचार नाही. आम्हांला त्या गावाची आठवण झाली ती निराळ्याच कारणाने. या गावाच्या नावातच 'बाजार' हा शब्द आहे, आणि याच गावाने सौद्यासंबंधी एक कडक नियम स्वतःला घालून घेतला आहे. गावची जमीन बाहेरच्या माणसाला विकायची नाही, हा तो नियम. दूध विकावे, कांदा विकावा, भाजीपाला खुशाल नगरच्या बाजारात न्यावा. पण जमीन मात्र बाहेर जाऊ द्यायची नाही.

मागे आम्ही हे गाव पाहावयास गेलो होतो. पाझर तलाव, समतल चर, झाडी असे सारे पाहून झाल्यावर चहाच्या टपरीपाशी शेजारच्या एका गावची चार-पाच तरुण मुले भेटली. बोलणे सहजच क्रिकेटवर आले. पोपटराव विद्यार्थिदशेत चांगले क्रिकेट खेळत, हे या भागातल्या पोरासोरांनाही माहीत असते. त्या मुलांच्या मनात मात्र एक वेगळाच पेच होता. त्यांच्या भागातील आठ गावांचे संघ दर वर्षी टेनिसच्या चेंडूवर एक स्पर्धा खेळतात. या मुलांच्या गावात दोन चांगले वेगवान गोलंदाज आहेत, पण यष्टिरक्षक धड नाही. शेजारच्या गावात दोन यष्टिरक्षक आहेत आणि गोलंदाजीची बोंब. तेव्हा त्या गावाने निरोप धाडला, "तुमचा एक गोलंदाज आम्हांला द्या, आमचा एक यष्टिरक्षक तुम्ही घ्या." एवढ्या निरोपाने या संघात उभी फूट पडली होती. निम्मे म्हणत, "यात आपलाच फायदा आहे." निम्मे म्हणत, "फायदा गेला चुलीत. ज्यांच्याशी आपली खुन्नस, त्यांच्याच हाती आपले हत्यार द्यायचे?"

आमच्याकडे त्यांनी न्याय मागितला. तेव्हा घाईत जे सुचले ते सांगून आम्ही वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. तो वाटतो तितका पोरकट नाही. जगातील मोठमोठ्या संघांचे मालकही याच प्रश्नापाशी अडतात, आणि पुष्कळदा त्या मुलांपेक्षा वाईट रीतीने सोडवतात. म्हणून त्याचा जरा सविस्तर विचार करू.

प्रथम सौदा म्हणजे काय ते पाहू. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात पूर्वापार जे चालत आले तेच येथे लागू पडते. समजा एका शेतकऱ्याकडे दोन बैल आहेत आणि दोन्ही जुवाच्या उजव्या अंगाला चालण्याच्या सवयीचे आहेत. शेजाऱ्याकडेही दोन आहेत, पण दोन्ही डाव्या अंगाचे. दोघांचेही औत अडले आहे. एका बैलाची अदलाबदल झाली की चार बैलांच्या दोन जोड्या होतात. नवा बैल कोठूनही आलेला नाही, तरी दोघांची शेते नांगरली जातात. देवघेवीतून दोघांचाही लाभ होतो तो असा. ज्याच्यापाशी जे जास्त आहे त्याची किंमत त्याला कमी वाटते आणि दुसऱ्याला अधिक; या तफावतीतून लाभ जन्माला येतो. यांत कोणी कोणाला फसवावे लागत नाही.

मग खेळात अडचण कोठे येते? शेतकऱ्याला शेजाऱ्याचे शेत चांगले पिकले म्हणून तोटा होत नाही. खेळात मात्र एकाच्या जयात दुसऱ्याचा पराजय असतो. गुणतक्त्यावर पहिला क्रमांक एकच असतो. तेव्हा शेजाऱ्याची जोडी जमवून देणे म्हणजे आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणे नव्हे काय, अशी शंका येते. ती शंका खरी आहे. पण किती खरी, हे मोजून पाहिले पाहिजे.

मोजण्यासाठी उदाहरणही आपल्याच जिल्ह्यातले आहे. झहीर खान हा डावखुरा वेगवान गोलंदाज श्रीरामपूरचा. १९७८ सालचा त्याचा जन्म. २००८ साली इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा लिलावात बंगळूरच्या संघाने त्याला साडेचार लाख डॉलरांना घेतले. त्याच लिलावात मुंबईच्या संघाने कर्नाटकाचा फलंदाज रॉबिन उथप्पा याला आठ लाख डॉलरांना घेतले. पहिल्या मोसमात मुंबई आठ संघांत पाचवी आली, बंगळूर सातवे. आणि २००९ च्या आरंभी या दोन संघांनी सरळ अदलाबदल केली. झहीर मुंबईला आला, उथप्पा बंगळूरला गेला. त्या लीगमधल्या अगदी पहिल्या सौद्यांपैकी हा एक होय. झहीर २००६ पासून रणजी सामने मुंबईकडूनच खेळत होता आणि उथप्पा तर कर्नाटकाचाच. म्हणजे एका अर्थी दोघेही घरी परतले.

आता टीकाकारांचा हिशेब पाहा. आठ लाखांचा फलंदाज देऊन साडेचार लाखांचा गोलंदाज घेतला, आणि तोही प्रतिस्पर्ध्याकडून! २००९ चा मोसम दक्षिण आफ्रिकेत झाला. बंगळूर अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले आणि हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सकडून अवघ्या सहा धावांनी हरले. मुंबई सातवी आली. टीकाकारांना वाटले, झाले ना आम्ही म्हणतो तसे? पण २०१० साली मुंबई साखळीत पहिली आली. उपान्त्य सामन्यात तिच्यासमोर कोण उभे राहिले? बंगळूरच. नवी मुंबईच्या डॉ. डी. वाय. पाटील मैदानावर २१ एप्रिल २०१० रोजी मुंबईने तो सामना पस्तीस धावांनी जिंकला. अंतिम सामन्यात मात्र ती चेन्नईकडून बावीस धावांनी हरली.

या दोन वर्षांचे तात्पर्य काय? एका मोसमावरून सौदा पारखणाऱ्याने २००९ मध्ये एक निकाल दिला असता आणि २०१० मध्ये बरोबर त्याच्या उलट. हार-जीत हे केवळ या दोन खेळाडूंचे फळ होते असे आम्ही म्हणत नाही. संघात अकरा जण असतात, आणि जखम, पाऊस, नाणेफेक हेही असतातच. पण एवढे निश्चित, की शेजाऱ्याला बळ दिल्यामुळे मुंबई बुडाली नाही, आणि मुंबईला बळ दिल्यामुळे बंगळूरही बुडाले नाही. पाचव्या आणि सातव्या क्रमांकांवरचे हे दोन संघ दोन वर्षांत एकेकदा अंतिम सामन्यापर्यंत गेले.

हे कसे घडू शकते ते पाटीवर मांडून पाहू. आठ संघ आहेत, प्रत्येक संघ इतर सातांशी दोन-दोन सामने खेळतो, एकूण चौदा. समजा, सौद्यामुळे आपले जय दोनांनी वाढले आणि प्रतिस्पर्ध्याचेही दोनांनी वाढले. आपले दोन जय पुरते आपल्या खात्यात जमा होतात. प्रतिस्पर्ध्याने जे दोन जास्त जय मिळवले ते मात्र सात संघांवर वाटले जातात. त्यांतला आपल्या वाट्याचा तोटा दोन-सप्तमांश, म्हणजे एका सामन्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. बाकीचा तोटा उरलेल्या सहा संघांचा. म्हणजे जो बलवान झालेला शेजारी आपल्याला दोनदा भेटतो, तोच आपल्या इतर शत्रूंना बारा वेळा भेटतो आणि त्यांनाही खाली ओढतो. ही गोष्ट खुन्नसच्या भरात कोणी ध्यानात घेत नाही.

अर्थात या हिशेबालाही मर्यादा आहेत, आणि त्या सांगितल्या पाहिजेत. पहिली मर्यादा अशी, की बाद फेरीचे दार अरुंद असते. चार संघांना जागा आहे, तीन ठरले आहेत आणि चौथ्या जागेसाठी आपण आणि तोच शेजारी झगडत आहोत, अशी स्थिती असेल तर त्याचा प्रत्येक जय आपल्या मुळावर येतो. तेव्हा दोन-सप्तमांशाचा हिशेब लागू पडत नाही. दुसरी मर्यादा अशी, की गेलेला खेळाडू रिकाम्या हाताने जात नाही. कोणत्या फलंदाजाला कोणता चेंडू खुपतो, कर्णधार खूण कशी करतो, हे सारे तो बरोबर नेतो. म्हणून सौदा करावयाचा तर मोसम सुरू होण्यापूर्वी, सर्व संघ एका रेषेवर उभे असताना करावा. अर्ध्या वाटेत करू नये. २००९ चा सौदा मोसमापूर्वीच झाला होता, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

"मग शेजाऱ्याशी कशाला? दूरच्याशी करा," असे कोणी म्हणेल. अमेरिकेत हे शक्य आहे. तेथील बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये तीस संघ असून ते पंधरा-पंधराच्या दोन शाखांत विभागलेले आहेत. तेव्हा दुसऱ्या शाखेतला असा संघ शोधता येतो की ज्याच्याशी आपली गाठ क्वचित पडते. आपल्याकडे तसे नाही. आठ संघांची असो वा दहांची, सर्वांचा गुणतक्ता एकच. येथे प्रत्येक जण प्रतिस्पर्धीच आहे. "प्रतिस्पर्ध्याशी नको" म्हणणे म्हणजे "कोणाशीच नको" म्हणणे, आणि घरात दोन उजवे बैल बांधून पेरणीला मुकणे.

पण बेसबॉलचे नाव निघालेच आहे तर विरुद्ध पक्षाचा सर्वांत मोठा पुरावा दडवून ठेवणे बरे नव्हे. बोस्टनच्या रेड सॉक्स संघाने १९१८ पर्यंत पाच वेळा विश्वविजेतेपद मिळवले होते. न्यूयॉर्कच्या यांकी संघाला तोपर्यंत एकही मिळाले नव्हते. दोघेही एकाच आठ संघांच्या शाखेत. मोसमात १५४ सामने, त्यांपैकी २२ परस्परांशी. अशा स्थितीत बोस्टनच्या मालकाने १९१९ च्या डिसेंबरात बेब रूथ हा चोवीस वर्षांचा खेळाडू न्यूयॉर्कला दिला. जानेवारी १९२० मध्ये ते जाहीर झाले. १९१९ मध्ये रूथने २९ होम रन मारल्या होत्या. न्यूयॉर्ककडून पहिल्याच मोसमात त्याने ५४ मारल्या. १९२३ मध्ये न्यूयॉर्कने पहिले विश्वविजेतेपद पटकावले. बोस्टनला पुढचे मिळायला २००४ साल उजाडावे लागले. मधल्या शहाऐंशी वर्षांत बोस्टनच्या लोकांनी याला रूथचा शाप असे नाव दिले.

हा दाखला ऐकला की वाटते, प्रतिस्पर्ध्याशी सौदा म्हणजे सर्वनाश. पण नीट पाहा. बोस्टनने रूथच्या बदल्यात कोण घेतला? कोणीच नाही. रोख पैसा घेतला आणि वर कर्ज घेतले. ही अदलाबदल नव्हती. ही विक्री होती. बैल देऊन बैल घेतला असता तर औत चालले असते. येथे बैल गेला आणि आलेला पैसा मैदानात उतरून एकही धाव काढू शकला नाही. रूथ न्यूयॉर्कऐवजी एखाद्या दूरच्या शहरात गेला असता, तरी बोस्टनची जागा रिकामी ती रिकामीच राहिली असती. चूक गिऱ्हाईक कोण होते यात कमी होती. काय विकले आणि बदल्यात काय आले, यात अधिक होती.

हिवरे बाजारचा नियम येथे उपयोगी पडतो. त्या गावाने बाहेरच्यांशी व्यवहार बंद केला नाही. उलट दुधाचा व्यवहार वाढवला. त्याने फक्त फळ आणि मूळ यांत फरक केला. दूध आज विकले तर उद्या पुन्हा निघते. जमीन एकदा गेली की गेली. आणि या गावाची दुसरी सवय अशी, की पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडायचा. पाणी किती साठले, पिण्याला किती, जनावरांना किती, आणि उरलेल्यात कोणते पीक बसते, हे ग्रामसभेत ठरवायचे. शेजारच्या गावाने ऊस लावला म्हणून आपणही लावू, असे येथे चालत नाही. स्वतःच्या विहिरीत डोकावून निर्णय घ्यायचा, दुसऱ्याच्या शिवाराकडे पाहून नव्हे. खेळाच्या सौद्यालाही हेच सूत्र लावावे असे आम्हांला वाटते.

पण ताळेबंदात न मावणारीही एक गोष्ट असते. २०२३ च्या नोव्हेंबरात मुंबईने गुजरातच्या संघाकडून हार्दिक पंड्या याला परत घेतले. गुजरातने त्याच्या नेतृत्वाखाली २०२२ मध्ये विजेतेपद मिळवले होते आणि २०२३ मध्ये उपविजेतेपद. कागदावर मुंबईचा सौदा उत्तम होता. डिसेंबरात मुंबईने पाच वेळा विजेतेपद मिळवून देणाऱ्या रोहित शर्माला बाजूला करून पंड्याला कर्णधार केले. २०२४ च्या मोसमात वानखेडेवर मुंबईच्याच प्रेक्षकांनी मुंबईच्याच कर्णधाराची हुर्यो उडवली. चौदांपैकी चारच सामने जिंकून मुंबई दहांत दहावी आली. आणि ज्याने कर्णधार दिला ते गुजरात आठवे आले. दोघांनी सौदा केला आणि त्या वर्षी दोघेही घसरले! घराची घडी मोडते तेव्हा तिची नोंद कोणत्याच वहीत नसते. पुढच्या वर्षी घडी पुन्हा बसली. ३० मे २०२५ रोजी बाद फेरीत याच दोन संघांची गाठ पडली आणि मुंबईने वीस धावांनी सामना जिंकला. तेव्हा २०२४ च्या निकालावरून त्या सौद्याला कायमचे वाईट म्हणणेही घाईचे ठरले असते.

आता उरला सर्वांत नाजूक प्रश्न. आतापर्यंत आम्ही बैलांचे दाखले दिले. पण बैलाला विचारावे लागत नाही. माणसाला विचारावे लागते. आपल्या समाजात साटेलोटे नावाची चाल होती. एका घरची मुलगी त्या घरी द्यायची आणि त्या घरची आपल्या घरी आणायची. दोन्ही घरांचा हुंड्याचा खर्च वाचे, हिशेब चोख बसे. फक्त त्या दोन मुलींना कोणी विचारीत नसे. खेळातील अदलाबदलीचे साटेलोटे व्हायला वेळ लागत नाही.

उथप्पाने पुढे अनेक वर्षांनी जाहीरपणे सांगितले, की मुंबई सोडण्याची त्याची इच्छा नव्हती आणि कागदावर सही करायला त्याने आरंभी नकार दिला होता. नव्या संघातला पहिला मोसम त्याला मनाने फार जड गेला. आम्ही वर ज्याला 'घरी परतणे' म्हटले, ते ज्याचे त्याला तसे वाटले नाही. बंगळूर उपविजेते ठरले, पण गुणतक्त्यात ही ओळ कोठेच नाही. रवींद्र जडेजाची हकीकत दुसऱ्या टोकाची. नियम मोडून दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केल्याबद्दल त्याला २०१० चा संपूर्ण मोसम खेळता आला नाही. त्याच जडेजाला २०२५ च्या नोव्हेंबरात चेन्नईने राजस्थानला दिले आणि बदल्यात संजू सॅमसन घेतला. जडेजाबरोबर सॅम करनही राजस्थानला गेला. मालकांनी बोलणी केली तर तो सौदा, खेळाडूने केली तर तो गुन्हा. शिस्तीसाठी नियम हवेत हे मान्य. पण म्हणूनच मालकांच्या बोलण्यात खेळाडूची संमती ही नुसती सहीपुरती असू नये. आता त्या लीगच्या नियमांत खेळाडूची संमती आवश्यक मानली आहे, हे योग्यच झाले.

अमेरिकेत तर संमतीचा प्रश्न फार जुना. काळ्या खेळाडूंना मोठ्या लीगचे दार १९४७ मध्ये ज्याने उघडून दिले, त्या जॅकी रॉबिन्सनला ब्रुकलिनच्या डॉजर्स संघाने १९५६ च्या डिसेंबरात कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या न्यूयॉर्क जायंट्सला देऊन टाकले. रॉबिन्सन तेथे गेलाच नाही. त्याने निवृत्ती जाहीर केली. निवृत्त होण्याचे त्याने मनाशी आधीच ठरवले होते. पण त्याला न विचारता त्याचा सौदा करणाऱ्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती! सौदा कागदावरच राहिला. पुढे १९७० नंतर तेथील खेळाडूंच्या संघटनेने असा नियम करून घेतला, की ज्याने मोठ्या लीगमध्ये दहा वर्षे आणि त्यांतली शेवटची पाच एकाच संघात काढली, त्याला त्याच्या संमतीवाचून दुसरीकडे धाडता येत नाही. बाकीच्यांना करारात तशी अट घालून घ्यावी लागते.

एवढा ऊहापोह झाल्यावर त्या मुलांच्या पेचाकडे वळू. प्रतिस्पर्ध्याशी सौदा करावा काय? आमचे उत्तर असे, की करावा. पण तीन प्रश्न विचारून, आणि याच क्रमाने. पहिला प्रश्न : जे देतो ते फळ आहे की मूळ? दोन गोलंदाजांपैकी एक देणे हे फळ देणे. ज्याच्याभोवती संघ उभा आहे त्यालाच देणे हे जमीन विकणे. दुसरा प्रश्न : जे येते त्याने आपली अडलेली जागा भरते काय? भरत नसेल तर मोबदला कितीही मोठा असो, तो नाकारावा. तिसरा प्रश्न : ज्याला पाठवायचे त्याला विचारले काय? या तिन्हींची उत्तरे नीट मिळाली, तरच "तो प्रतिस्पर्धी कोण?" हा चौथा प्रश्न विचारावा. आणि आपला हिशेब साफ असेल तर त्याचे उत्तर काहीही येवो, फारसे बिघडत नाही. आपण बहुधा उलट करतो. चौथा प्रश्न पहिल्यांदा विचारतो आणि तेथेच भांडत बसतो.

त्या दिवशी टपरीपाशी यांतला तिसरा प्रश्न तेवढा आम्हांला सुचला होता. "तुमच्या त्या गोलंदाजाचे म्हणणे काय?" असे आम्ही विचारले. दोन्ही बाजूंची मुले एकमेकांकडे पाहू लागली. पंधरा दिवस वाद चालला होता, पण त्याला कोणी विचारलेच नव्हते. तो तेथेच, मागे मोटारसायकलला टेकून उभा होता. जरा थांबून तो म्हणाला, "मी जाईन की. पण त्यांच्या गावात, आपल्या विरुद्ध खेळताना, तुम्ही मला शिव्या देणार नसाल तर."

त्यावर कोणी काही बोलले नाही. आम्हांला वाटते, सौदा करावा की न करावा याचे खरे उत्तर त्या मुलांना त्याच एका अटीचा विचार करून द्यावे लागणार होते. शेजाऱ्याला खेळाडू देण्याइतका हिशेब पुष्कळांना जमतो. दिलेला खेळाडू समोरून धावत आला असता त्याच्या चेंडूला आपला म्हणून टाळी देण्याइतके मन मोठे असेल, तर मात्र त्या आठ गावांत असा सौदा खुशाल व्हावा.